मायनं जाळलेला कप

ज्याच्या हातात आजच रिपोर्ट पडला आहे आणि ज्याला घरी जाऊन काय सांगावं ते सुचत नाही, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. कीव करायला म्हणून कोणी वाचू नये. मी बरा झालो. गोळ्यांनी झालो, सुयांनी झालो आणि तीन-चार माणसांच्या मायेनं झालो. गोळ्यांची माहिती दवाखान्याच्या भिंतीवर लावलेली असते. उरलेलं कुठं लावलेलं नसतं.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. जाफराबादकडच्या खेड्यात आमची ख्रिस्ती वस्ती, तीसेक घरं. गावातल्या हॉटेलात आमच्या वस्तीचे कप बाहेरच्या फळीवर वेगळे ठेवलेले असायचे. आपण घ्यायचा, आपणच विसळायचा, परत फळीवर ठेवायचा. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण फळी काही हलली नाही. विसाव्या वर्षी मी त्यातला एक कप रस्त्यावर आपटला आणि त्यावर पत्रक काढलं: ‘कप वेगळा, म्हणजे माणूस वेगळा.’ बोंबाबोंब झाली, पण फळी गेली. तेव्हापासून मला वाटायचं की जगातल्या कुठल्याही प्रश्नाला एक तत्त्व लावलं की उत्तर निघतं. तत्त्व तेवढं पक्कं पाहिजे.

लाल शाई

अंबडला तहसीलसमोर घोषणा देत होतो. खोकला तीन महिन्यांचा होता, पण घोषणा देणाऱ्याला खोकला असायचाच, असं आम्ही समजायचो. रुमाल तोंडावरून काढला तर लाल. मला खरंच वाटलं, स्टेन्सिलची लाल शाई लागली. पुढची घोषणा दिली. मग तोंडात खारट चव आली.

चार दिवसांनी मायला घेऊन जालन्याला गेलो. डॉक्टरनं छातीचा फोटो खिडकीकडं धरला, एका ठिकाणी पेन टेकवलं आणि म्हणाला, “टीबी आहे. बरा होतो. गोळ्या सोडायच्या नाहीत.” तीन वाक्यं. एवढं आटोपशीर भाषण मला कधी जमलं नाही. माझ्या कानात मात्र पहिलंच वाक्य घुमत राहिलं. सिस्टर मायला बाजूला घेऊन काही समजावत होती, हातात झाकणाची एक डबी देत होती. मी भिंतीकडं बघत बसलो. दुसऱ्याला ‘प्रश्न विचारा’ सांगणारा मी, त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. तुम्ही विचारा. लाज वाटली तरी विचारा. का विचारा, ते पुढं कळेल.

वॉर्डात खाट रिकामी नव्हती. पंधरा दिवसांनी या म्हणाले. गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्या झाकणाच्या डबीत मायनं माझ्या गोळ्या नीट भरून ठेवल्या.

खुंटीवरचा कप

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खुंटीला एक स्टीलचा कप अडकवलेला. कानाला तांबडी चिंधी बांधलेली, बाहेरून काळाठिक्कर.

“माय, हे काय?”

“तुजा कप हाय.”

“माझा म्हंजे?”

“अलग ठेवायचा हाय. सिस्टरनं सांगितलंय. रोज जाळायचा बी हाय.”

मला जे झालं ते कसं सांगू. ज्या फळीशी मी भांडलो ती माझ्याच घरात, माझ्याच मायनं खुंटी करून ठोकली होती. कप काढला आणि अंगणात आपटला. स्टीलचा होता, पोचा पडला, फुटला नाही.

माय उठली. कप उचलला, पदरानं पुसला आणि पुन्हा चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवला. “हाटेलवाल्याचा फोडलास, ठीक केलंस,” ती म्हणाली. “मायचा फोडून दाखव.”

मी दोन दिवस चहा घेतला नाही. तिनं दोन्ही दिवस केला, त्याच कपात ओतला, माझ्यासमोर ठेवला, गार झाल्यावर उचलला, धुतला, चिंधी सोडून जाळला. चिमट्यानं धरायचं तिला सुधरायचं नाही, पदरानं धरायची. तिच्या बोटांची टोकं पोळली होती. ते मी तेव्हाच पाहिलं होतं. पाहिलं आणि रागातच राहिलो. तिसऱ्या दिवशी प्यालो. चहाला जळका वास होता.

चाँदभाईचं उपाशी पोट

वॉर्डात दोन महिने काढले. पहिल्या सकाळी लघवी शेंदरी झाली तेव्हा मी ओरडलोच. शेजारच्या खाटेवरचे चाँदभाई, अंबडचे शिंपी, पन्नाशीचे, हसत म्हणाले, “घबराओ मत बेटा. गोळीचा रंग हाय तो. मला बी पयल्या दिवशी वाटलं, खलास.” रोज सुई. कुल्ल्यावर बसता यायचं नाही. दर पंधरवड्याला खोकून डबी भरून द्यायची आणि निकालाची वाट बघायची. शाळेतसुद्धा मी निकालाची एवढी धास्ती घेतली नव्हती.

रूथबाई या तिथल्या सिस्टर, पहिल्या दिवशी मायशी बोलल्या त्या ह्याच. आमच्यातल्याच, भोकरदनकडच्या. जाड चष्मा, चपलांचा आवाज, जिभेला धार. आल्या आल्या मला म्हणाल्या, “पत्रकवाला तूच का? इथं घोषणा कमी आणि दूध जास्त.”

रमजान लागला. चाँदभाईंनी रोजे धरले. रूथबाईंनी परोपरीनं सांगितलं, शक्ती न्हाई अंगात, आजाऱ्याला सूट असती, पुढच्या वर्षी धरा. चाँदभाई हो हो म्हणायचे. चौथ्या दिवशी त्यांची उशी झटकताना गोळ्या खाली सांडल्या. चार दिवसांच्या, लाल, पांढऱ्या, सगळ्या.

मला वाटलं, आता बाई आग ओकणार. त्यांनी एक एक गोळी वेचली आणि त्या चाँदभाईंच्या खाटेवर बसल्या. “नियम काय हाय? गोळी सकाळी, उपाशीपोटी. बराबर?”

“बराबर,” चाँदभाई मान खाली घालून म्हणाले.

“मंग संध्याकाळी बांग व्हायच्या टायमाला तुमच्यापेक्षा उपाशी पोट अख्ख्या जालन्यात कोणाचं असंल? तवा घ्याल?”

चाँदभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरला मनवायचं काम बाईंनीच केलं. तेव्हापासून रोज दिवे लागायच्या वेळेला, ड्यूटी संपलेली असली तरी, त्या गोळ्या, सुई आणि एक खजूर घेऊन यायच्या.

मी कशाला गप्प बसतो? “सिस्टर, नियम सगळ्यांना एकच पायजे. मी सभेला दोन तास जायचं म्हणलं तर न्हाई म्हणलात.”

“तू सभेला जाऊन खोकणार, शंभर माणसात. त्यात कोणाचं भलं होतं, तुझं की त्यांचं?”

“पण तत्त्व...”

“तत्त्व माझ्याकडं एकच हाय. रविवारी देवळात ऐकतोस ना, प्रीती?”

तो शब्द मला कधीच आवडला नाही. आमच्या वस्तीत कोणी बोलताना ‘प्रीती’ म्हणत नाही. तो फक्त वेदीवरून येतो, इस्त्री केलेल्या झग्यासारखा. मी तसं म्हणालोही.

“मंग माया म्हण,” बाई म्हणाल्या. “पण लाडीगोडी म्हणू नको. हा माणूस मला आवडतो का न्हाई, हा सवालच न्हाई. चाँदभाई मला चार दिवस फसवत व्हते, आवडंल का मला? समोर कोण हाय आणि त्याचं भलं आज कशात हाय, एवढं बघायचं. नियम त्याच्यासाठी लागला तर वापरायचा. आडवा आला तर बाजूला ठेवायचा, आणि त्याचा जाब आपण द्यायचा. तुला सोपं वाटतं हे? नियम पाळणं लई सोपं हाय, पोरा.”

मला पटलं नाही. पण नंतर संध्याकाळी खजुराची बी बशीत पडल्याचा आवाज आला की मला ते आठवायचं.

एक अक्षर

एक दिवस बाई सुई देत असताना मी मनातलं काढलंच. “सिस्टर, तुम्ही एवढं भल्याचं बोलता, आणि माझ्या मायला कप अलग ठेवायला तुम्हीच सांगितलं.”

“मी? कवा?”

“पयल्या दिवशी. रोज जाळायला बी सांगितलं. ती जाळून राह्यली बिचारी.”

बाईंनी सुई काढून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि अशा हसल्या की दारातले रुग्ण आत आले. “अरे देवा! कफ म्हणले मी! याचा कफ अलग ठेवा, झाकून ठेवा, जाळून टाका म्हणले! कफ!”

आमच्याकडं कफाला कपच म्हणतात. “छातीत कप झालाय,” असंच सगळे बोलतात. मायनं ऐकलं ते बरोबरच ऐकलं होतं. चाँदभाई हसता हसता इतके खोकले की त्यांना पालथं झोपवावं लागलं.

मग रूथबाई एकदम थांबल्या.

“मंग कफ कुठं टाकत व्हतास, ते पंधरा दिवस?”

मी चादर नीट करू लागलो.

“कुठं?”

“परसात.”

“परसात कोण असतं?”

परसात सगुणावयनीची एस्तेर खेळते. सगुणावयनी म्हणजे आमची शेजारीण. तिचा नवरा, माझा चुलतभाऊ, ह्याच आजारानं गेला, गोळ्या अर्ध्यावर सोडून. एस्तेर पाच वर्षांची. तिचं भातुकलीचं सगळं आमच्या परसातल्या लिंबाखाली. आणि मी रोज सकाळी तिथंच उभा राहून खोकायचो, तिच्याशी गप्पा मारायचो, तिथंच थुंकायचो. घरात कप रोज निखाऱ्यावर जळत होता.

“कपातून काही जात न्हाई,” बाई म्हणाल्या. आता आवाज मऊ होता, आणि तोच जास्त लागला. “खोकल्यातून जातं. त्या पोरीला उद्याच बोलाव.”

ह्या पानावर मला सगळ्यात लाज वाटते आहे, म्हणून हेच पान नीट वाचा. तोंडावर कापड धरा. कफ डबीत धरा. तुमच्या हक्कापेक्षा आधी हे.

सगुणावयनी दोन दिवसांनी एसटीनं आली. चतुर्थी होती, गाडी राजूरपर्यंत गणपतीला जाणाऱ्यांनी खच्चून भरलेली, पोर कडेवर घेऊन उभ्यानं आली. एस्तेरची छाती तपासली. साफ निघाली, तरी खबरदारीची गोळी सुरू केली. मग वयनी माझ्या वॉर्डाच्या दारात आली. आत पाय ठेवला नाही.

“भाऊजी,” ती म्हणाली, “तुमी लई शिकलेले. अख्ख्या गावाला कागद वाटता, कोणी कसं वागावं त्याचे. माझ्या लेकराच्या चुलीत थुकू नये, हे कोन्या कागदावर हाय?”

 

बरोबर असून

त्या रविवारी माय आली तेव्हा तिला कफ आणि कपाचं सांगितलं. वाटलं, खजील होईल. ती थोडा वेळ स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली. मग म्हणाली, “मंग काय बिघडलं? निम्मा गोळ्यानं बरा झालास, निम्मा कपानं. अन् गावात एवढा चोख कप कोणाकडं हाय सांग.” चाँदभाई म्हणाले, “आपा, मला बी एक जाळून द्या.”

पण दुसरी बातमी तिनं पिशवीतल्या भाकरी काढता काढता हळू सांगितली. सगुणावयनी प्रभुभोजनाला, म्हणजे सगळ्यांनी एकाच प्याल्यातून रस प्यायच्या विधीला, येईना. देवळात येते, मागं दाराशी बसते, प्याला फिरायला लागला की पोरीला घेऊन बाहेर जाते. का, ते कोणी विचारायला नको होतं. मी बरा होऊन येणार आणि त्याच प्याल्याला तोंड लावणार, ह्याची ती आत्तापासून भीती घेऊन बसली होती.

आणि तो प्याला एकच राहिला होता तो माझ्यामुळं. दोन वर्षांमागं आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांनी शहरातल्या देवळासारखे छोटे छोटे ग्लास आणायचं काढलं होतं. मी पत्रक काढून ते हाणून पाडलं: ज्यांच्या बापजाद्यांना वेगळ्या कपात पाणी मिळालं, त्यांनी प्रभूच्या मेजावर पुन्हा वेगळे कप मांडायचे? एक शब्दही मी आज मागं घेत नाही. पण त्या एका प्याल्यानं आता एक बाई आणि एक लेकरू दाराबाहेर गेलं होतं.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मी रूथबाईंना विचारलं, “मी प्याल्याला तोंड लावलं तर धोका हाय?”

“न्हाई. डबी दोनदा साफ आली तुझी. आणि कपाचं तुला सांगितलंय.”

“म्हंजे मी बराबर हाय.”

“बिलकुल बराबर हायेस.” त्या कागद भरत होत्या, वर न बघता म्हणाल्या, “आता बराबर असून काय करणार हायेस?”

“तुम्हीच सांगा.”

“मी काय सांगू? सगुणाचं भलं कशात हाय ते मला इथनं दिसत न्हाई. तू शेजारी हायेस. जाऊन बघ.”

चाँदभाईंनी माझ्या शबनमचा तुटलेला बंद शिवून दिला. मी पिशवी खांद्याला लावली आणि निघालो.

पुनरुत्थानाचा रविवार

तीन मार्ग होते. मेजावर जायचंच नाही. म्हणजे टीबीवाला माणूस बाटलेला, हे मी स्वतःच सही करून दिल्यासारखं. माझं खरं करून प्याला ओठाला लावायचा. म्हणजे वयनी कायमची बाहेर. किंवा छोटे ग्लास. म्हणजे सगळ्यांमध्येच भिंती. तिन्हीवर मी एकेक पत्रक लिहू शकलो असतो. ईस्टरच्या त्या सकाळी मी एवढंच केलं: खुंटीवरचा काळा कप काढला, शबनममध्ये टाकला.

आमचं देऊळ पत्र्याचं, वीस-पंचवीस हातांचं. मनुका उकळून रस मायनंच केला होता. पाळकसाहेब साठीचे, हळू बोलणारे. प्याला एकेकाच्या ओठाला लावत पुढं सरकायचे आणि शेवटी उरलेलं स्वतः पिऊन टाकायचे. तो रस सांडायचा नाही, फेकायचा नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज.

प्याला उचलला तशी मागं हालचाल झाली. वयनी उठली होती. मीही उठलो.

“साहेब, जरा थांबा. मला बोलायचंय.”

कोणीतरी पुटपुटलं, “झालं, आता भाषण.”

भाषण आलं नाही. मी म्हणालो, “मी आजारी असताना परसात थुकलो. तिथं एस्तेर खेळती. पोर वाचली, माझ्यामुळं न्हाई, नशिबानं. सगुणावयनी, माझं चुकलं. आता मी बरा हाय, माझ्यापासून धोका न्हाई, हे डॉक्टरनं लिहून दिलंय. पण तुमाला भ्या वाटतं ते खोटं न्हाई. तुमी ह्या आजारानं माणूस गमावलंय.” मग पिशवीतनं कप काढला. पाळकसाहेबांपुढं धरला. “मला ह्याच्यात द्या.”

मायनं तोंडाला पदर लावला.

पाळकसाहेब कपाकडं बघत राहिले. पत्रक त्यांनीही वाचलेलं होतं. “प्रभाकर, तूच म्हणला व्हतास...”

“म्हणलो व्हतो. हाटेलात आजबी फोडीन. तिथं मला दूर ठेवायला कप वेगळा व्हता. हितं कोणीतरी जवळ यावं म्हणून हाय.”

त्यांनी ओतलं. दोन घोट प्यालो, एक तळाशी राहिला. जळका वास, मनुकांचा गोडवा. कप मेजावर ठेवला आणि मागं वळून म्हणालो, “वयनी, मोठ्या प्याल्याला माझं तोंड लागलेलं न्हाई. या.”

ती आली. पोरीचं मनगट घट्ट धरून, माझ्याकडं न बघता आली. गुडघे टेकले, प्याली, उठली.

शेवटी पाळकसाहेबांनी रिवाजाप्रमाणं प्याला रिकामा केला. मग काळा कप उचलला, चिंधीसकट, आणि तळाशी राहिलेला माझा घोटही पिऊन टाकला. कोणी सांगितलं नव्हतं. उरलेलं सांडायचं नाही, एवढाच रिवाज.

 मायला राहवलं नाही, “साहेब, जळका लागला का हो?”

“लागला,” ते ओठ पुसत म्हणाले. “चहाचा बी लागला.”

सगळे हसले. मी वयनीकडं पाहिलं. ती हसत नव्हती. ती पाळकसाहेबांच्या हातातल्या कपाकडं बघत होती.

आत्ता

माझे मित्र म्हणतात, तडजोड केलीस. असेल. पत्रकं मी अजून काढतो, आणि तितकीच तिखट. फक्त छापायच्या आधी एक सवाल स्वतःला विचारतो: हे वाचून कोण दाराबाहेर जाईल? कधी कधी उत्तर येतं की जाऊ दे, जायलाच पाहिजे. कधी कधी मी कागद फाडतो.

चाँदभाई बरे झाले. ईदला त्यांनी मायसाठी खण पाठवला. गोळ्या मी पुरत्या घेतल्या. एकही दिवस चुकवला नाही. तुम्हीही चुकवू नका.

कपाची चिंधी मायनं सोडली. तो आता फळीवर बाकीच्या कपांत असतो. काळा आहे म्हणून ओळखू येतो, एवढंच. परवा सगुणावयनी मीठ मागायला आली. देवळातल्या त्या दिवसानंतर आमच्या घरात पहिल्यांदा. मायनं बसवलं, चहा टाकला आणि हाताला लागेल त्या कपात ओतला. मी दारात होतो. लागला तो काळाच.

वयनीनं कप फिरवून बघितला. पोच्यावरून बोट फिरवलं.

“सासूबाई, ह्योच का त्यो?”

“ह्योच,” माय म्हणाली. “दुसरा देऊ का?”

 परसात एस्तेर लिंबाखाली दगडांची चूल मांडून बसली होती. वयनीनं तिकडं एकदा पाहिलं, चहावर फुंकर मारली.

“राहू द्या,” म्हणाली. “गरम हाय.”